परत आलेली ब्राह्मी: शिसं एका वाटेनं आलंय, कॅडमियम दुसऱ्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. डिचोली तालुक्यात तुमचं सखल शेत आहे, वरच्या अंगाला खाणीचा जुना डंप, पावसात तिथून तांबडं पाणी उतरतं. भात परवडेना म्हणून दोन वर्षांमागे तिथे ब्राह्मी लावली, रॉक फॉस्फेट आणि शहरातलं कंपोस्ट घातलं, ऑक्टोबरात काढून घराच्या गच्चीवर वाळवली आणि 40 किलो सुका माल पाठवला तो रिपोर्टसकट परत आला. शिसं 13.2 पीपीएम, कॅडमियम 0.41, आर्सेनिक 1.1, पारा सापडला नाही. तुम्ही विचारलंय की हे खाणीमुळेच ना, आता शेतच बाद झालं का, आणि आई दोन वर्षं हीच ब्राह्मी चटणीत खातेय तर तिला काही होईल का.

मी 22 वर्षं वनौषधींच्या कच्च्या मालाची तपासणी करतेय, त्यातली बरीचशी गोव्यातच, त्यामुळे असे रिपोर्ट हातात घेऊन बसलेले शेतकरी मी भरपूर बघितलेत आणि खरं सांगते, दर वेळी पोटात तुटतं कारण वर्षाची मेहनत एका कागदावर संपलेली असते. पण घाई करू नका. तुमच्या रिपोर्टात दोन आकडे हद्दीबाहेर आहेत आणि माझ्या अंदाजाने ते दोन वेगळ्या वाटांनी आलेत, म्हणून उपायही दोन वेगळे.

आधी हद्द समजून घ्या. आपल्याकडे आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथात, वनस्पतीजन्य औषधासाठी शिसं 10 पीपीएम, कॅडमियम 0.3, आर्सेनिक 3 आणि पारा 1 अशी मर्यादा आहे. पीपीएम म्हणजे एका किलोत तेवढे मिलिग्राम. म्हणजे तुमचं आर्सेनिक आणि पारा ठीक, शिसं आणि कॅडमियम वर. (नागभस्म, रससिंदूर असली रसौषधी हा पूर्ण वेगळा विषय, तिथे धातू मुद्दाम घातलेला असतो, इथे त्याची गल्लत नको.)

आता खाणीचं बोलू कारण सगळ्यांच्या मनात पहिलं तेच येतं, आणि येणारच. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उपसून बाजूला टाकायची, ते डंप पावसाळ्यात ओहोळात उतरायचे, पिसुर्ल्याच्या शेतकऱ्यांनी शेतात आलेल्या गाळासाठी वर्षानुवर्षं भांडण केलंय ते काय उगाच नाही. 2012 साली खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, 2018 मधे सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत थांबल्या, पण डंप जागच्या जागीच राहिले आणि पाऊस काही कोर्टाचं ऐकत नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या की आपल्याकडचं खनिज लोखंडाचं आणि मँगनीजचं. त्या गाळाने शेताचा पोत जातो, माती दगडासारखी बसते, मुळांना श्वास मिळत नाही, लोह-मँगनीज बेसुमार वाढतं, हे सगळं खरं. पण शिसं आणि कॅडमियम त्या गाळात भरपूर असेलच असं धरून चालता येत नाही, ते मोजूनच कळतं. मी खाणीला क्लीन चिट देत नाहीये हे नीट वाचा, मी म्हणतेय की गाळाचं सॅम्पल तपासल्याशिवाय बोट दाखवलं तर खरं कारण घरातच राहून जाईल आणि पुढच्या वर्षी परत हाच कागद हातात येईल.

हे बघा, साधा हिशोब करू. ब्राह्मी जमिनीला चिकटून सरपटते, तिच्या मांसल पानांच्या बेचक्यात आणि पेरांवर माती बसते, नीट न धुतलेल्या मालात वजनाच्या पाच-दहा टक्के मातीच असू शकते. साधारण शेतमातीत शिसं 10 ते 50 पीपीएमच्या आसपास असतं. धरा 40. दहा टक्के माती चिकटली तर मालात 4 पीपीएम शिसं नुसत्या मातीचं. म्हणजे 13 व्हायला एकतर तुमची माती बरीच दूषित हवी, नाहीतर शिसं तिसरीकडून यायला हवं. आता हाच हिशोब कॅडमियमचा करा. साध्या मातीत ते 0.1 ते 0.5 पीपीएम, धरा 0.3, त्याचे दहा टक्के म्हणजे 0.03. तुमचा आकडा 0.41 आहे! चिकटलेल्या मातीने हा आकडा येऊच शकत नाही, हे झाडाने मुळातून ओढून घेतलेलं आहे. म्हणून म्हटलं वाटा दोन आहेत.

शिशाची वाट आधी बघू. शिसं मातीत घट्ट बसतं, मुळाशी अडकतं, वर पानात फारसं चढत नाही, त्यामुळे पानात शिसं जास्त आलं की मी पहिल्यांदा विचारते वाळवलं कुठे. तुम्ही लिहिलंय गच्चीवर. गच्चीच्या कठड्याला जुने लोखंडी ग्रिल आहेत का, आणि चवथीच्या आधी घर रंगवलं का?

हे विचारण्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या एका बाईंचा असाच माल आला, शिसं तुमच्यापेक्षा जास्त, आणि त्यांच्या आसपास खाण सोडा साधी फॅक्टरीपण नव्हती, कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, झरीच्या पाण्यावरची सुंदर ब्राह्मी. मी दोनदा तपासली, दोन्हीदा तेच. शेवटी त्यांच्या घरी गेले. त्यांनी ताडपत्री आणून दाखवली, निळी, दर वर्षी तीच वापरायच्या, मी ती उन्हात उलगडली तर घडीच्या रेघांमधे बारीक बारीक कपच्या, हिरव्या आणि त्याखाली शेंदरी. गणपतीच्या आधी मुलाने ग्रिल खरवडून रंगवले होते, खाली हीच ताडपत्री अंथरली होती, मग झटकून घडी घातली आणि दिवाळीच्या आधी तिच्यावर ब्राह्मी पसरली. तो शेंदरी थर म्हणजे जुना प्रायमर, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड हे आपण विसरतो. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत हवं हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याआधीच्या जुन्या थरात टक्क्यांत शिसं असू शकतं. एक टक्का धरला तरी एक ग्रॅम कपचीत 10 मिलिग्राम शिसं, आणि ती एक ग्रॅम कपची एक किलो ब्राह्मीत मिसळली की झाले 10 पीपीएम, पूर्ण हद्द एका चिमटीत संपली. त्या बाईंनी पुढच्या वर्षी नव्या कापडावर, बांबूच्या मांडवावर वाळवली आणि माल पास झाला, शेत तेच, पाणी तेच.

तुमच्याकडे असंच झालं असेल असं मी छातीठोक म्हणत नाही, पण आधी बघा. रस्त्याकडेला वाळवलं तरी हीच गत होते. पेट्रोलमधलं शिसं देशभर 2000 साली बंद झालं पण शिसं मातीतून हलत नाही, रस्त्याकडेच्या धुळीत जुनं अजून पडलेलं असतं, आणि सुका माल झाडून गोळा करताना ती धूळ आपणच भरतो. अजून एक, काढा उकळायला किंवा तेल सिद्ध करायला कल्हईचं पितळी भांडं वापरत असाल तर कल्हईवाला शुद्ध कथील वापरतो की शिसं मिसळलेलं तेही विचारा. तुमच्या सुक्या मालाशी त्याचा संबंध नाही, पण घरातल्या वापराशी आहे.

खात्री कशी करायची? पुढच्या वेळी सॅम्पल तीन भागात द्या. पहिला भाग जसा वाळवला तसा. दुसरा भाग शेतातून ओला उपटलेला, वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुऊन शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढलेला, मुळं कापून, घरात स्वच्छ कागदावर सावलीत वाळवलेला. तिसरा भाग नुसती मुळं. पहिल्यात शिसं 13 आणि दुसऱ्यात 2-3 आलं तर पान निर्दोष, दोष वाळवणीचा, चिकटलेल्या मातीचा नाहीतर मुळांचा. दोन्हीत जास्त आलं तर पाणी-माती बघायची. सोबत लॅबला आम्लात न विरघळणारी राख काढायला सांगा, ही जुनी, स्वस्त चाचणी आहे आणि मला अजून सगळ्यात आवडते. माल 450 अंशांच्या आत जाळायचा, राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळायची, गाळायची, उरते ती वाळू-माती. आणि खरं तर मूस भट्टीतून काढतानाच कळतं. स्वच्छ ब्राह्मीची राख करडी-पांढुरकी असते, आपल्याकडची न धुतलेली ब्राह्मी जाळली की मुशीत चिऱ्याच्या भुश्यासारखी तांबडी राख बसलेली दिसते, तेव्हा आकडा यायच्या आधीच मी शेतकऱ्याला फोन करते की बाबा धुतलंस का.

मुळांचं वेगळं सॅम्पल कशासाठी तर पाणथळ जागेत वाढणाऱ्या झाडाच्या मुळांवर लोहाचा तांबूस थर चढतो, भाताच्या मुळांवर पण बघितला असेल, गंजासारखा, नखाने खरवडला तर निघतो. आपल्या मातीत लोह इतकं की तो थर जाड बसतो आणि आर्सेनिक, शिसं असले धातू त्यात अडकतात. एका परीने झाड स्वतःला वाचवतंय, पण आपण मुळासकट उपटून, मुळासकट वाळवून विकतो म्हणजे झाडाने बाहेर अडवलेलं आपण परत मालात घालतो. पंचांग, म्हणजे मुळासकट अख्खं झाड, विकताना मुळं लागतात असं खरेदीदार म्हणतो, तर त्याच्याशी बोला, खोड-पान वेगळं घ्यायला तयार असतील तर मुळं काढूनच द्या.

आता कॅडमियम, आणि इथे मला जास्त काळजी आहे. ब्राह्मी कॅडमियम ओढण्यात पटाईत आहे. सांडपाण्यातून धातू काढायला हिचा वापर करता येतो का यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत, इतकी ती ओढते. मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे एकपानी म्हणतात आणि बरेच जण तिलाच ब्राह्मी समजतात, तीही याच पंगतीतली. त्यात आपली माती जांभ्याची, आम्लधर्मी, सामू (पीएच) पाच-सहाच्या घरात, आणि माती जितकी आंबट तितकं कॅडमियम मोकळं. शेतात पाणी तुंबून असतं तोवर ते बरंचसं अडकलेलं असतं, पाऊस ओसरला, शेत सुकलं, हवा खेळली की ते सुटतं, आणि तुम्ही काढणी करता ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं तेव्हाच.

आलं कुठून? तुमच्या पत्रात दोन संशयित तुम्हीच लिहिलेत. रॉक फॉस्फेट आंबट जमिनीला चांगलं म्हणून आपल्याकडे सर्रास सुचवतात, आणि स्फुरद म्हणून ते चांगलंच आहे, पण फॉस्फेटच्या दगडात कॅडमियम मुळातच असतं, कुठल्या खाणीचा दगड त्यावर कमी-जास्त. दुसरं शहरातलं कंपोस्ट. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियम 5 पीपीएम आणि शिसं 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. म्हणजे कायद्याने पास झालेल्या खतात 5 चालतं आणि तेच घालून वाढवलेल्या औषधात 0.3 च्या वर चालत नाही! भाताला, भाजीला, माडाला जे खत चालून जातं ते ब्राह्मीसारख्या ओढणाऱ्या झाडाला चालेलच असं नाही, हे खत विकणारा सांगत नाही आणि सल्ला देणाराही सांगत नाही, मला याचा खरोखर राग येतो.

आणि सॉइल हेल्थ कार्डावर भिस्त ठेवू नका. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन येतं, बस, शिसं-कॅडमियम त्यात नाहीच. कार्ड हिरवंगार असेल आणि ब्राह्मी नापास होईल. पण कार्डावरचे दोन आकडे कामाचे आहेत, सामू आणि जस्त. जस्त कमी असलं की झाड त्याच्या जागी कॅडमियम जास्त उचलतं.

तर करायचं काय. कंपोस्ट ह्या वर्षी पूर्ण बंद, त्याऐवजी स्वतःच्या गोठ्यातलं शेण. रॉक फॉस्फेटची गोणी उरली असेल तर मूठभर लॅबला द्या. सामू साडेसहाच्या आसपास आणायला चुना घाला, कृषी अधिकाऱ्याकडून चुन्याची गरज काढून घ्या, अंदाजाने ओतू नका, आणि लावणीच्या दोन-तीन महिने आधी घाला कारण तो लगेच काम करत नाही. शिंपल्यांचा चुना मिळाला तर उत्तम. फक्त आर्सेनिकवर लक्ष ठेवा, सामू वाढला की ते उलट थोडं मोकळं होऊ शकतं, तुमचं 1.1 आहे म्हणजे जागा आहे पण आंधळेपणाने नको. डंपाकडून उतरणारं पाणी वरच्या मेरेला चर खणून शेताबाहेर काढा आणि त्या चरातला गाळ वेगळा तपासा. खाणीचा वाटा किती ते तेव्हाच कळेल, आणि जास्त निघाला तर तो रिपोर्ट हातात घेऊन भांडता येईल, तेव्हा मी तुमच्या बाजूने उभी आहे.

एवढं करूनही दुसऱ्या वर्षी धुतलेल्या पानात कॅडमियम 0.3 च्या वरच राहिलं तर त्या शेतात ब्राह्मी नको. शेत बाद नाही झालं, ते झाड त्या जागेला चुकलं. मेरेवर, उंचवट्यावर गुळवेल चढवा, अडुळसा लावा, भाटात (बागायतीत) भिरंड म्हणजे कोकम, आवळा, हिरडा. फळात आणि बियांत हे धातू साधारण पानामुळांपेक्षा कमी जातात, आणि उंचावरचा पाला जमिनीच्या मातीपासून लांब असतो, पावसाने धुतलाही जातो. हळद, शतावरी, वेखंड असली मुळं-कंद मात्र त्या सखल भागात नकोच.

कुळागरवाल्यांसाठी जाता जाता, ब्राह्मी सुपारीच्या खाली लावली असेल तर कोळेरोगाला मारलेलं बोर्डो मिश्रण सगळं तिच्यावर ठिबकतं. शंभर लिटरमागे एक किलो मोरचूद, वर्षानुवर्षं. तांबं त्या चार धातूंच्या यादीत नाही म्हणून रिपोर्ट पास येतो, पण पानांवर निळसर डाग दिसत असेल तर तो माल औषधाला देऊ नका.

लॅबबद्दल दोन गोष्टी. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ची मान्यता बघा आणि ती वनस्पतीतल्या धातूंसाठी आहे का ते विचारा, नुसती पाण्यासाठी असते बऱ्याचदा. खाजनातला, खाऱ्या पाण्याजवळचा माल असेल तर आधी सांगा, कारण धातू मोजायच्या आयसीपी-एमएस मशीनमधे मिठातला क्लोरीन आणि मशीनचा आर्गॉन मिळून जो कण बनतो त्याचं वजन आर्सेनिकएवढंच, 75, आणि नसलेलं आर्सेनिक दिसायला लागतं. हेलियमच्या सेलमधून मोजलं का असं विचारा, चांगल्या लॅबवाल्याला लगेच कळतं. आणि सॅम्पल एका कोपऱ्यातलं मूठभर नको, शेताच्या दहा-बारा जागांचं मिसळून द्या.

तुम्ही शेवटी लिहिलंय की एक दलाल हाच माल कमी भावात घ्यायला तयार आहे, चांगल्या मालात मिसळून पास करून घेतो म्हणतो. नका देऊ. मी हात जोडून सांगते. सरासरी काढून 9.8 येईल, कागद पास होईल, पण ते चूर्ण कोण खातं बघा, परीक्षेच्या दिवसांत आया पोरांना दुधातून देतात. 10 पीपीएम शिशाचं चूर्ण दिवसाला सहा ग्रॅम घेतलं तर पोटात 60 मायक्रोग्राम जातं. औषधांसाठी जी आंतरराष्ट्रीय मर्यादा कंपन्या पाळतात तिच्यात शिसं दिवसाला 5 मायक्रोग्राम आहे, मोठ्या माणसाला! म्हणजे आपली 10 ची हद्दच मोठ्या मात्रेला सैल आहे, तिच्या काठावर बसून व्यापार करायचा नसतो. 40 किलो गेले, त्याचं दुःख मला कळतं, पण ते जाऊ दे. आणि जाळू नका, कंपोस्टमधे तर मुळीच टाकू नका, परत शेतातच येईल.

आता तुमची आई. आधी धीर देते. रिपोर्टाचा आकडा सुक्या मालाचा असतो आणि ओल्या ब्राह्मीत बहुतेक पाणीच, दहा ग्रॅम ओल्या पाल्यात साधारण सव्वा ग्रॅम सुकं निघतं. 0.41 च्या हिशोबाने कॅडमियम जेमतेम अर्धा मायक्रोग्राम, ही काळजीची गोष्ट नाही. शिशाचा आकडा वाळवणीत आला असेल तर शेतातून थेट चटणीत गेलेल्या पाल्यात तो नव्हताच. पण सुकं चूर्ण पण घेत असतील, गच्चीवरचं, तर ते आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या, साधी टेस्ट आहे. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि तिनेही ते खाल्लं असेल तर तिची आधी करा, वाट बघत बसू नका. चटणी सोडवत नसेल त्यांना, आणि मला माहितीये सुटत नाही ती, तर दोन मोठ्या कुंड्या घ्या, माती डंपाच्या बाजूची नको, भाटातल्या वरच्या अंगाची, त्यात घरचं शेणखत, विहिरीचं पाणी, आणि कुंड्या गच्चीवर ग्रिलखाली नको, तुळशीच्या बाजूला अंगणात ठेवा. सहा आठवड्यांत खुडण्याजोगी होईल.